अक्का, तुझ्या काजळानं डोळा गेला नव्हता

अक्का, तुला न्यायची तयारी चालली होती तेव्हा मी सोप्याच्या दारात उभा होतो. त्रिशलानं, तुझ्या सुनेनं, तुझं तोंड ओल्या फडक्यानं पुसलं, केस विंचरले आणि आत जाऊन तुझी काजळाची डबी आणली. तिला तसं कुणी सांगितलं नव्हतं. तिनं तुला रोज बघितलेलं होतं. दाजी गेल्यावर तू कुंकू पुसलंस, पण काजळ सोडलं नाहीस. बायका कुजबुजल्या तरी नाही. त्रिशलानं डबीत करंगळी घातली आणि तुझी धाकटी जाऊ म्हणाली, “काजळ नको गं. पोराचा डोळा खाल्ला की त्यानं. आता जातानं तरी नको.”

करंगळी तिथंच थांबली. सुकुमार, तुझा एकुलता एक मुलगा, भिंतीला टेकून बसला होता. उजव्या बुबुळावर लहानपणापासून पांढरं फूल घेऊन आता आजोबा झालेला तुझा मुलगा. त्यानं मान खाली घातली. मला एक वाक्य बोलायचं होतं. तोंड उघडलंही. मग कुणीतरी विचारलं, “गाडी आली का?” आणि मी मोठ्यानं, उगाचच, “बघतो, बघतो,” म्हणत बाहेर गेलो. परत आलो तेव्हा डबी दिसत नव्हती आणि तुझे डोळे मोकळे होते. मी तुला तशी कधी पाहिलीच नव्हती. क्षणभर वाटलं, ही दुसरीच कुणीतरी बाई आहे.

तेव्हापासून एका जागी बसवत नाही. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या या फ्लॅटमध्ये मी हॉलमधून गॅलरीत आणि गॅलरीतून हॉलमध्ये फिरतो. खाली क्लासची पोरं, रिक्षा, हॉर्न. मुलगा म्हणतो, “बाबा, बसा की जरा.” बसतो, पुन्हा उठतो. म्हणून हे लिहितो आहे. लिहिताना निदान हात तरी कामात राहतो.

आधी ते वाक्य लिहून टाकतो. अक्का, सुकुमारचा डोळा तुझ्या काजळानं गेला नाही. तो उसाची पात लागून गेला. हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. काजळाचं मी रचलं.

तुला हे नवीन नाही. पण वाचणाऱ्यांना नवीन आहे, म्हणून नीट सांगतो.

मी आरोग्यसेवक होतो. वाड्या-वस्त्यांवर जाऊन लसी, जुलाब, बाळंतिणीचा आहार, तान्ह्या बाळाची निगा हे सगळं बायकांना समजावायचं. त्यात एक विषय होता, बाळाच्या डोळ्यात काजळ घालू नका. चित्रांचे तक्ते दिलेले असायचे. एका वाडीत समाजमंदिराच्या ओट्यावर बायका जमल्या होत्या, प्रत्येकीच्या मांडीवर काजळानं डोळे बरबटलेलं पोर. मी तक्ता उलटला. एक धिप्पाड बाई म्हणाली, “ओ पावणं, हे कुणाचं पोर हाय?”

“हे चित्र आहे.”

“चित्राचा डोळा गेला तर जाऊ दे की. खऱ्या पोराचा गेलाय का कुणाच्या? नाव सांगा, गाव सांगा.”

“डॉक्टर सांगतात…”

“आमच्या आज्या-पणज्या घालत आल्यात. माझं बघा की,” म्हणून तिनं डोळे फाडून माझ्याकडे पाहिलं. “हाय का न्हाय दोन्ही जागेवर? तुमच्या आयेनं तुमाला घातलं नव्हतं व्हय?”

सगळ्या हसल्या. आईनं घातलं होतं. तू जरा मोठी झाल्यावर तर तूच घालायचीस. मी नव्या नोकरीतला, पँट-शर्टातला, घामानं भिजलेला. आणि माझ्या तोंडून निघालं, “माझ्या सख्ख्या बहिणीच्या पोराचा गेला. बिद्रीला दिलीय ती. जाऊन बघा.”

हसणं बंद झालं. त्या धिप्पाड बाईनं पदराचं टोक थुंकीनं ओलं करून मांडीवरच्या पोराचे डोळे पुसायला घेतले. घाणेरड्या पदरानं पुसू नका, हे सांगायलाही मी विसरलो, इतका खूश झालो होतो.

पुढच्या गावात पुन्हा सांगितलं. मग ती गोष्ट वाढत गेली. बहिणीची बोटं आली, बोटांवरची चुलीची राख आली. पोर रडत होतं तरी बहीण ऐकत नव्हती, हे आलं. सासूनं अडवलं होतं, हेही मीच घातलं. एका बैठकीत साहेबांनी माझं कौतुक केलं आणि बाकीच्यांना म्हणाले, असं उदाहरण द्या, लोकांच्या मनावर ठसतं. मग ते माझ्या एकट्याकडे राहिलं नाही.

आता तुझ्या काजळाविषयी लिहायला हवं, कारण मी त्याची एवढी नालस्ती केली.

लग्नाआधी उचगावच्या आपल्या घरात तू काजळ धरायचीस ते भर दिवसा. शेजारच्या बायका संध्याकाळी दिवा लावून धरायच्या. आई म्हणायची, रात्री ज्योतीवर पाखरं येतात, ताटाखाली अडकून मरतात, आपल्यात ते चालत नाही. म्हणून तू दुपारची जेवणं झाली की स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायचीस, वारा लागू नये म्हणून. एरंडेलाची पणती, कापसाची जाड वात, दोन्ही बाजूंना एकेक वीट आणि वर पालथं घातलेलं तांब्याचं ताट. मला सक्त ताकीद असायची की हसायचं नाही, शिंकायचं नाही. ताट उलटं केलं की मधोमध मखमलीसारखा काळा थर. तो शिंपल्यानं खरवडून, पाण्यात पुन्हापुन्हा धुतलेलं लोणी घालून, चिमूटभर कापूर घालून तू घोटत बसायचीस. घोटताना मात्र तू इतकी बोलायचीस, की काजळ आधी होतंय की तुझ्या गप्पा आधी संपतायत, असं मला वाटायचं.

ते काजळ कुठं कुठं जायचं. बारशाच्या घरी पहिलं बोलावणं तुला. बाळाच्या डोळ्यात, मग गालावर तीट, मग तळपायावर, कारण गालावरची तीट पुसली गेली तरी नजर लागू नये. नवरीच्या डोळ्यात घालायची ती तूच. ती रडेल आणि ओघळेल म्हणून तू लोणी कमी घातलेली वेगळी डबी ठेवायचीस. बेंदराला बैल सजले की आपले वडील, आप्पा, त्यांच्या डोळ्यांखाली रेघ ओढायला तुझंच काजळ मागायचे आणि तू कुरकुरत द्यायचीस. आपल्या बस्तीत, म्हणजे गावातल्या जैन मंदिरात, जुन्या हस्तलिखित पोथ्या होत्या. त्यांची शाई दिव्याच्या काजळीचीच, हे तिथल्या पंडितांनी सांगितलं तेव्हा तू घरी येऊन म्हणालीस, “म्हंजे माझ्या ताटावर शास्त्रं बसल्यात. पाय लावू नगंस.”

नोकरीत चार बुकं वाचल्यावर, तू माहेरी आलीस की मी तुला शिकवायला लागलो. मिसर, म्हणजे इजिप्त देशात हजारो वर्षांपूर्वी राजे, राण्या, साधी माणसंसुद्धा डोळ्यांत काजळ घालायची, थडग्यांतून काजळाच्या कुप्या निघाल्या, हे मी सांगितलं.

“पुरुष घालायचे?” तू विचारलंस.

“व्हय. उन्हाची तिरीप लागू नये म्हणून, डोळे येऊ नयेत म्हणून. आणि देवाची नजर राहावी म्हणून.”

“मग शानी हुती की माणसं. तू कशाला वाद घालतोयास?”

मी म्हणालो, त्यांचं काजळ दगडाचं. आपल्याकडे सुरमा मिळतो तसलं. दगड कुटायचा, खलात दिवसेंदिवस घोटायचा, सलाईनं, म्हणजे बारीक काडीनं, घालायचा. त्यातल्या पुष्कळ दगडांत शिसं असतं, आणि शिसं लहान मुलांच्या अंगात भिनतं. तू म्हणालीस, “माझ्या पणतीत शिसं कुठनं आलं? तेल हाय, वात हाय.” ते बरोबर होतं. मग मी म्हणालो, पण बोट? एकाच बोटानं पाच घरची पोरं. एकाच्या डोळ्याची घाण दुसऱ्याच्या डोळ्यात. हे माझं बरोबर होतं, अक्का, आणि आजही बरोबर आहे. त्यावर तू म्हणालीस, काजळानं डोळे मोठे होतात. मी म्हणालो, तसं असतं तर हत्तीच्या डोळ्यांत घालून बघायचं. तू म्हणालीस, “घालायला कुनाचा हात पोचला न्हाय, म्हनून तर बारीक ऱ्हायलं.” आपण दोघं इतकं हसलो की आई बाहेरून ओरडली.

हा वाद असाच चालायला हवा होता. तो तसाच आपल्या दोघांत राहिला असता, तर आज मी एवढा अस्वस्थ नसतो.

ती बातमी तुझ्यापर्यंत बाजारातून गेली. कुठल्याशा गावची बाई तुझ्या सासूला भेटली आणि म्हणाली, तुमच्याच सुनेचं ते. तू सासूला पहिल्यापासून सांगत आली होतीस की पात लागली. पात लागताना दाजीही जवळ नव्हते. पण आता तुझ्याविरुद्ध तुझा सख्खा भाऊ होता, आणि तोही सरकारी माणूस. तिनं तुझं का ऐकावं? त्यानंतर बारशाची बोलावणी आली नाहीत. तू आलीस की बायका हळद-कुंकवाच्या ताटातलं काजळ झाकून ठेवायच्या, हे मला पुष्कळ नंतर कळलं. आणि सुकुमार शाळेत जायला लागला. तिथं आईनं डोळा घालवला म्हणून चिडवणं आलंच. पात लागली तेव्हा तो इतका लहान होता की त्याला शेत आठवत नव्हतं, दवाखाना आठवत नव्हता.

तू माझ्याकडे आलीस तेव्हा मी या भागात भाड्यानं राहत होतो. पिशवीतून तू शेंगदाण्याची चटणी काढून ठेवलीस, पाणी प्यायलीस आणि मग विचारलंस, “बाळू, तू सांगतोस व्हय हे गावोगावी?”

मी नाही म्हणालो नाही. म्हणालो, “त्यानं पोरं वाचली, अक्का. बायका ऐकतात.”

“वाचली तर वाचू देत की. बरंच झालं.” तू पिशवीची घडी घालत होतीस. “पर माझं पोर माझ्याकडं बघत न्हाय, त्याचं काय करू? काल म्हनालं, आई, तू दुसऱ्या डोळ्याला हात लावू नगंस.”

मी चटणी उचलून फडताळात ठेवायला लागलो.

“तू ये. त्याला जवळ घेऊन सांग. मी सांगितलं तर त्याला वाटतंय, मी आपल्यावरचं टाळतीया. बाकीच्या गावांत काय सांगायचं ते सांग, मला काय करायचं न्हाय. येतोस?”

“येतो,” मी म्हणालो. “दिवाळीत येतो.”

दिवाळीत आलो. भाऊबीजेला तू ओवाळलंस, लाडू बांधून दिलेस, आणि ओवाळताना माझ्याकडे एकदाच वर पाहिलंस. दाजी शेजारी होते, सासू होती. मी म्हटलं, पुढच्या खेपेला, तो एकटा असताना. पुढच्या खेपेला त्याची परीक्षा होती. मग त्याचं लग्न ठरत होतं, तेव्हा डोळ्याचा विषय नको. मग तो स्वतःच बाप झाला. मग मला वाटलं, आता कोण आठवतंय. दर भाऊबीजेला तू ओवाळत राहिलीस. एकदाही पुन्हा विचारलं नाहीस. तुझ्या न विचारण्याला मी क्षमा समजलो, कारण ते मला सोयीचं होतं. ती क्षमा होती की तू माझा नाद सोडून दिला होतास, हे आता कुणाला विचारू? पण तुझ्या हातचं मी खात राहिलो, आणि तू वाढत राहिलीस. मला कावीळ झाली तेव्हा बिद्रीहून येऊन तू महिनाभर माझ्या उशाशी राहिलीस, माझ्या पिवळ्या डोळ्यांवर गार पाण्याच्या पट्ट्या ठेवल्यास. काजळ मात्र लावायला गेली नाहीस. हसून म्हणालीस, “तुझ्या खात्यात चालत न्हाय न्हवं?”

त्या हसण्याला उत्तर द्यायला हवं होतं.

रक्षाविसर्जनाच्या दिवशी नदीवरून सगळे परत आले, चहा झाला. सोप्यात पाहुणे बसले होते. मी सुकुमारला मागच्या अंगणात बोलावलं आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं. पात, दवाखाना, डॉक्टर काय म्हणाले ते, समाजमंदिराचा ओटा, बायकांचं हसणं, सगळं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, “आईनं मला सांगितलं हुतं.”

“माहीत आहे.”

“मी तिला म्हटलं हुतं, मामाला काय पडलंय खोटं बोलायचं?” तो गोठ्याच्या खांबाला हात लावून उभा होता. आवाज चढवला नाही त्यानं. चढवला असता तर बरं झालं असतं. “मामा, एवढी वर्षं तुम्ही हितं जेवून गेलासा.”

“व्हय.”

“हे मला एकट्याला सांगून एसटीत बसू नका. पावणं अजून बसल्यात. आत चला.”

मी आत गेलो आणि सगळ्यांपुढे बोललो. हजार बायकांपुढे न अडखळता बोललेला माणूस मी, चाळीस शब्दांना चार वेळा थांबलो. तुझ्या जावेनं पदर तोंडाला लावला. मग काढला आणि म्हणाली, “मग एवढा येळ तोंडात गुळणी धरली हुती काय? तिला न्यायच्या दिवशी मी काय बोलले, ते ऐकलासा न्हवं दारात उभं ऱ्हाऊन?”

“ऐकलं.”

“माझ्याकडनं पाप करून घेतलंसा,” ती म्हणाली आणि रडायला लागली. मला वाटलं होतं की ती कायम तुझ्या वाईटावर असायची. तसं नसावं. तिला माझ्याकडून कळलं तेच ती खरं मानून चालली होती.

आतल्या खोलीच्या दारात सुकुमारची मुलगी उभी होती, बाळंतपणाला आलेली, खांद्यावर तुझी पणती. मी पणती म्हणतो आहे, कारण तिचं बारसं अजून व्हायचं आहे. तू तिला दोनच आठवडे पाहिलंस. ती म्हणाली, “आजोबा, मला दवाखान्यातल्या ताईंनी हीच गोष्ट सांगितली होती. एका बाईनं राखेच्या बोटांनी काजळ घातलं, सासूनं अडवलं तरी ऐकलं नाही.” तिनं बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. “ती म्हणजे आमची आजी?”

राखेची बोटं. माझेच शब्द. मी नोकरीतून बाहेर पडल्यावरही ते चालतच राहिले होते, आणि फिरत फिरत तुझ्याच घरी आले होते.

“ती म्हणजे कुणीच नाही,” मी म्हणालो.

“मग मी हिच्या डोळ्यात घालू का नको?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. अक्का, मी तुला सांगतो, त्या क्षणी मला फार वाटलं की घाल म्हणावं. तुझ्या काजळाची भरपाई तिथल्या तिथं झाली असती. जावेनं मान हलवली असती, सुकुमार कदाचित माझ्याजवळ आला असता. पण ते म्हणजे दुसरी गोष्ट रचणं झालं असतं, या वेळी तुझ्या बाजूनं.

“डोळ्यात नको,” मी म्हणालो. “बोटाची घाण जाते. पाणी वाहून जायची बारीक वाट असते, ती बुजते. बाजारातल्या डबीत काय असतं ते कळत नाही.”

“कुणाचं झालंय असं?”

“नाव माझ्याजवळ नाही. तरी नको.”

तिनं बाळाचा पाय हातात धरला. “तळपायाला लावू?”

“लाव की.”

पटलं की नाही कोण जाणे. आत जाऊन तिनं काय केलं ते मी पाहिलं नाही.

निघताना सुकुमार मला स्टँडवर सोडायला आला. रस्ताभर तो पुढं पुढं चालत राहिला. मी मनात तयारी करत होतो, की हा आता म्हणेल, मामा, पुन्हा येऊ नका. एसटीला वेळ होता. बाकावर बसल्यावर त्यानं विचारलं, “त्या दिवशी काय काय झालं?”

मी सांगायला लागलो की तू दाजींची भाकरी घेऊन शेतात गेली होतीस.

“तुम्ही हुतासा शेतात?”

“नाही. मी कोल्हापुरात होतो. निरोप आला म्हणून दवाखान्यात गेलो.”

“मग शेतातलं ऱ्हाऊ दे. आई दवाखान्यात कशानं आली?”

“ठाऊक नाही.”

“चालत आली असंल काय सडकेपर्यंत?”

“असेल. ठाऊक नाही, सुकुमार.”

त्याच्या आवाजात आता राग नव्हता. लहान मुलासारखा तो एकेक विचारत होता, आणि मला एकेक सुचत होतं. अनवाणी पाय, फाटलेला पदर, रस्त्यावर थांबवलेली गाडी. तीस वर्षांची सवय. मी ते सगळं गिळलं.

“मी रडत हुतो?”

“रडून रडून झोपला होतास.”

“आणि ती?”

“ती रडत नव्हती. तिनं तुझ्या डोळ्यावर हात धरला होता, असा, खोलगट करून, डोळ्याला लागू नये म्हणून. डॉक्टरांनी हात काढायला सांगितलं तर काढेना. मी सांगितलं तरी काढेना. शेवटी नर्सनं तिची बोटं एकेक करून सोडवली.”

“हे तुम्ही बघितलं?”

“हे मी बघितलं,” मी म्हणालो.